कपाट नंबर चारचा चार्ज

नोकरीवरून काढणं वेगळं आणि माणसाला मोकळं करणं वेगळं, हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, काचेच्या केबिनमध्ये, माझ्या निम्म्या वयाच्या साहेबाने समजावून सांगितलं. "काका, गैरसमज नको. आम्ही तुम्हाला काढत नाही आहोत, मोकळं करतोय." माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. मी म्हटलं, सात महिन्यांनी मी आपोआपच मोकळा झालो असतो, मग एवढी घाई कशाला? त्यावर त्याने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक रंगीत गोल होता आणि त्या गोलाच्या सगळ्यात बारीक फोडीवर 'भांडार' असं लिहिलं होतं. ती फोड आता नको होती. आपण बत्तीस वर्षं एका फोडीत बसून होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आमची कंपनी झाकणं करते. बाटल्यांची, बरण्यांची, डब्यांची. बाटली कोण करतं, बरणीत काय भरतात, याच्याशी आम्हाला काही देणंघेणं नाही. आमचा संबंध झाकणापुरता. तिथे मी भांडारपाल, म्हणजे स्टोअरकीपर. बेअरिंगपासून साबणापर्यंत कंपनीत जे जे लागतं ते माझ्या हातून जायचं आणि मागणीपत्र भरल्याशिवाय हलायचं नाही. त्यामुळे कामगार माझ्या माघारी मला 'पावती' म्हणत. "पावती आलाय का?" "पावती आज खूश आहे का?" हे मला ठाऊक होतं. मी ते कौतुक समजून चालत होतो.

सामान भरायला मला पुठ्ठ्याचा एक खोका देण्यात आला. खोका माझ्याच भांडारातला होता आणि मागणीपत्राशिवाय उचललेला होता. नोकरी गेल्याचं दुःख मागाहून आलं, आधी या खोक्याचं आलं.

सकाळी अकरा वाजता मी खोका घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा हिने दार उघडलं आणि आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

"बरं वाटत नाहीये का?"

"मला मोकळं केलं."

"कशातून?"

याचं उत्तर मला साहेबाने सांगितलेलं नव्हतं. मी खोका खाली ठेवला. हिने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. पाणी आणून दिलं. अर्धा तास स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजली. मग बाहेर येऊन म्हणाली, "बिल्डिंगमध्ये इतक्यात काही बोलायचं नाही. कोणी विचारलं तर तुम्ही रजेवर आहात."

"किती दिवस?"

"ते मी बघते."

संध्याकाळी कपडे बदलताना पँटच्या आतल्या खिशातून एक किल्ली निघाली. पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आकडा चार.

कपाट नंबर चारची ही किल्ली. बाकीच्या कपाटांच्या किल्ल्या भिंतीवर लटकत असत, पण चार नंबर माझ्या अंगावर असे. त्यात झाकणाची जाडी मोजायची गेजं होती, परदेशी मशीनचे सुटे भाग होते आणि निरोपाची घड्याळं होती. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ देतात. तबकडीवर त्याचं नाव आणि निवृत्तीची तारीख. वर्षभरात कोण कोण जाणार याची यादी करून वर्षाच्या सुरुवातीलाच ऑर्डर देऊन टाकायची, ही पद्धत मीच पाडलेली. यंदा तीन घड्याळं आली होती, त्यातली दोन देऊन झाली होती.

"द्या फेकून," ही म्हणाली. "त्यांनी तुम्हाला फेकलं, तुम्ही किल्ली फेका. फिट्टंफाट."

आता हिला काय सांगणार? आमच्या पिढीत माणूस नोकरी नुसती सोडत नाही, चार्ज देतो. नवा माणूस समोर बसतो, कपाट उघडलं जातं, नग मोजले जातात, यादीवर एकेक टीक होते. शेवटी जाणारा लिहितो 'चार्ज दिला' आणि येणारा लिहितो 'चार्ज मिळाला'. मग दोघं चहा पितात. तो चहा पोटात गेला की माणूस गेला असं समजायचं. माझा चार्ज कोणी घेतलाच नव्हता. मला मोकळं केलं होतं खरं, पण मी अजून गेलेलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या गेटवर गेलो. गेटवरचा वॉचमन मला रोज सलाम ठोकायचा. त्याच्या गळ्यातली शिट्टी मीच दिलेली, नोंदवहीत आहे. त्याने हात कपाळापर्यंत नेला, मध्येच त्याला काहीतरी आठवलं आणि त्या हाताने त्याने टोपी सारखी केली.

"साहेब, पाहुण्यांच्या वहीत नाव लिहावं लागेल."

मी लिहिलं. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात 'भांडार' लिहिलं.

"तिथे कोणी नाही, साहेब."

"मला ठाऊक आहे. तिथे मीच नाही."

'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'चार्ज देणे' असं लिहिलं. वॉचमनने ते फोनवरून वर वाचून दाखवलं आणि थोड्या वेळाने एचआरमधली मुलगी खाली आली. मुलगी चांगली होती. आठ महिन्यांपूर्वीच लागलेली, बिनचूक मागणीपत्र भरणारी. पण आज ती माझ्याशी दवाखान्यात आजाऱ्याशी बोलतात तशी बोलत होती.

"काका, कसे आहात? झोप लागते ना?"

"झोप उत्तम. मला चार्ज द्यायचाय."

"हो हो, वॉचमन म्हणाला," असं म्हणून तिने पांढऱ्या वायरचं वेटोळं माझ्या हातात ठेवलं. "पॉइंट त्या सोफ्याच्या मागे आहे. टाइप सी चालेल ना?"

मी वेटोळं तिच्या हातात परत ठेवलं. मग मी तिला सोफ्यावर बसवून चार्ज म्हणजे काय हे पहिल्यापासून, चहापर्यंत, सांगितलं. तिने मन लावून ऐकलं. म्हणाली, "किती छान आहे हो हे! पण काका, मला फक्त एक मेल आलाय की भांडार बंद. किल्ली माझ्याकडे देऊन जा ना."

"पावती?"

ती लगेच वर गेली आणि 'साहित्य परत' हा नमुना छापून घेऊन आली. नमुना पाहून मला भरून आलं. एकोणीस वर्षांपूर्वी मीच तो तयार केला होता. मी सगळे रकाने भरले आणि तळाशी येऊन थबकलो. तळाशी लिहिलं होतं, 'स्वीकारणाऱ्या भांडारपालाची सही'. त्याखाली ठळक अक्षरात, माझीच भाषा: 'भांडारपालाखेरीज इतर कोणाचीही सही कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य धरली जाणार नाही.'

"मग तुम्हीच करा सही," ती म्हणाली.

"मी आता भांडारपाल नाही."

"मी करते."

मी ठळक ओळीवर बोट ठेवलं.

"मग कोण करणार?"

तो मसुदा करताना सगळ्या प्रकारचे चोर माझ्या डोळ्यांसमोर होते, पण भांडारपालच नसलेली कंपनी काही डोक्यात आली नव्हती. किल्ली खिशात घालून मी परत आलो.

जिन्यात कलमराव भेटले. कलमराव म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे कोर्टातले निवृत्त कारकून. ते साधा केराचा डबा जरी हलवला तरी कुठल्या ना कुठल्या कलमाखाली हलवतात. मी त्यांना अडचण सांगितली, नोकरीचा भाग तेवढा वगळून.

"रजेवर असताना किल्ली परत कशाला?" त्यांनी डोळे बारीक केले.

"लांबची रजा आहे."

"मग सोपं आहे. रजिस्टर पोस्टाने पाठवायची, पोचपावतीसकट. पोचपावतीवर सही आली की चार्ज दिला, असं कायदा धरतो. कलम एकशे चौदा." दुसऱ्या दिवशी याच मुद्द्याला ते कलम सत्तावीस म्हणाले, पण सल्ला तोच होता.

पोस्टातल्या खिडकीमागच्या बाईंनी पाकीट कानाशी धरून हलवलं.

"आत काय आहे?"

"किल्ली."

"कशाची?"

"कपाटाची."

"कपाट कुठंय?"

"जिथे पाठवतोय तिथे."

"मग किल्ली इथे कशी आली?"

माझ्यामागे नऊ माणसांची रांग होती आणि सगळ्यांनाच हे ऐकायचं होतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कानातलं यंत्र नीट बसवून घेतलं. मी थोडक्यात सांगायला गेलो आणि ते बरंच लांबलं. शेवटी बाईंनी एवढंच म्हटलं, "अरेरे," आणि शिक्का मारला. पाकिटावर मी शिस्तीने व्यक्तीचं नाव न घालता पद घातलं होतं: 'प्रति, भांडारपाल'.

आठव्या दिवशी, भर सकाळी, जिन्यात सगळी बिल्डिंग ये-जा करत असताना पोस्टमनने मला खालूनच हाक मारली. पोस्टमन मनाचा स्वच्छ. पाकिटावरचा शेरा त्याने खणखणीत आवाजात वाचला: "भांडारपाल हे पद बंद, माणसास कामावरून कमी केले आहे, सबब पाठवणाऱ्यास परत!" अक्षर वॉचमनचं होतं. त्याला पेन मीच दिलेलं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई कठड्यावरून वाकल्या. कलमराव कधी नव्हे ते एकही कलम न बोलता आपल्या दारात मागे सरकले. ही भाजीची पिशवी घेऊन माझ्या दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने पाकीट पोस्टमनकडून घेतलं, त्याच्या कागदावर सही केली आणि ताठ मानेने वर आली.

दार लागल्यावर मात्र तिचा बांध फुटला.

"आठ दिवस मी तोंड भरून खोटं बोलतेय. रजा म्हणून सांगतेय, हवापालटाला जाणार म्हणून सांगतेय. कशासाठी? तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. आणि तुम्ही रजिस्टर पोस्टाने दवंडी पिटलीत! तुम्हाला काढलं त्याचं काही नाही. एकदा शिवी घातली नाहीत, की रडला नाहीत. नुसती किल्ली, किल्ली, किल्ली!"

"ती किल्ली दिली की मी गेलो," मी म्हटलं. "मला नीट जायचंय गं. बत्तीस वर्षांत मी एकसष्ट माणसांना घड्याळ देऊन नीट घालवलं. मला खोका देऊन घालवलं." मग जे व्हायचं ते झालं. हिने भाजीची पिशवी तशीच हातात धरून मला रडू दिलं. नंतर साहेबाला एक अशी शिवी घातली की, तीस वर्षांच्या संसारात ती हिला येते याचा मला पत्ता नव्हता.

गुपित फुटल्यावर बिल्डिंगने मला वाऱ्यावर सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं. एकाने मला पोहायला शिका म्हणून सांगितलं, दुसऱ्याने कविता करा म्हणून. आणि बोलण्याच्या शेवटी प्रत्येक जण एक वाक्य घालायचा: "आता मोकळेच आहात तर..." शिक्षिकाबाई म्हणाल्या, आता मोकळेच आहात तर आमची एक किल्ली ठेवा, कामवाली दुपारी येते. दाताचे डॉक्टर म्हणाले, आता मोकळेच आहात तर गॅस येईल तेव्हा दार उघडा. सोसायटीने एकमताने ठराव करून गच्चीच्या आणि पाण्याच्या पंपाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. पंधरा दिवसांत माझ्याकडे सतरा किल्ल्या जमल्या.

"एक परत करायला निघालात आणि सतरा घेऊन बसलात," ही म्हणाली.

मी नोंदवही आखत होतो. किल्ली नेताना सही, आणताना सही. शिक्षिकाबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन कळवळून सांगायच्या, "अहो, माझ्याच घराची आहे हो!" तरी मी वही पुढे करायचो. एके दुपारी कलमराव पंपाची किल्ली मागायला धावत आले. टाकी भरून वाहत होती. मी मागणीपत्र पुढे केलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी कलमं घालायला सुरुवात केली, मी म्हटलं एवढी माहिती नको, त्यांनी म्हटलं पूर्ण माहिती हा माझा हक्क आहे, आणि आमचं हे चालू असताना पाणी जिन्यावरून उतरून त्यांच्याच उंबऱ्यातून आत गेलं. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त लेखी बोलतात.

याच सुमारास एचआरमधल्या मुलीचा फोन आला.

"काका, झाकणं बसत नाहीयेत."

"कशावर?"

"कशावरच! जाडी चुकलीय. तीन गाड्या माल परत आलाय. गेजं चार नंबरमध्ये आहेत. कुलूपवाला आणला होता, तो म्हणाला हे कुलूप कोणी आणलं त्या माणसालाच बोलवा. कापायला गेलो तर आतली गेजं बिघडतील."

ते कुलूप मी सहा दुकानं पालथी घालून आणलं होतं. माझी छाती फुगली, पण मी आवाज कोरडा ठेवला. "किल्ली द्यायला मी केव्हाही तयार आहे. घ्यायला भांडारपाल हवा."

"आहे ना," ती म्हणाली. "साहेबांची लेखी ऑर्डर घेतलीय मी. आजच्या दिवसापुरती भांडारपाल मी आहे."

मी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला. गेटवर वॉचमनने वही पुढे केली नाही. सलामाचा हात थेट कपाळापर्यंत नेला आणि मी आत जाईपर्यंत तिथेच ठेवला. पाकिटावरच्या शेऱ्याबद्दल तो अवघडलेला होता. मी त्याचं अक्षर चांगलं असल्याचं सांगितलं.

कपाट उघडलं. ती मुलगी यादी आणि पेन घेऊन समोर स्टुलावर बसली आणि आम्ही वरच्या खणापासून सुरुवात केली. मी नग सांगायचो, ती उचलून पाहायची, मोजायची आणि टीक करायची. दुसऱ्या खणावर असताना साहेब घाईघाईने आले.

"काका, थँक यू. ते गेज तेवढं द्या, बाकीचं राहू दे."

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सर, चार्ज चालू आहे. थांबावं लागेल."

साहेब थांबले. भिंतीला टेकून, हातातल्या फोनकडे न बघता, पाऊण तास थांबले. त्यांनी भांडार आतून कधी पाहिलेलं नव्हतं. मधे एकदा त्यांनी विचारलं, "हे सगळं आपण वापरतो?" मी पुढचा नग सांगितला.

शेवटच्या खणात एकच नग उरला होता. मी तो बाहेर काढला आणि कागद सोडवला. मला ठाऊक होतं काय निघणार ते. वर्षाच्या सुरुवातीला ऑर्डर मीच दिली होती आणि तबकडीवरचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं. तरी मी ते पुन्हा एकदा तपासलं.

"भिंतीवरचं घड्याळ," मी म्हटलं. "नग एक. कंपनीचा माल."

मुलीने तबकडीवरचं नाव वाचलं, आडनावासकट. खालची तारीख वाचली. मला मोकळं केलं तेव्हा ती सात महिने लांब होती, आता सहा. तिने यादीवर टीक केली. मी लिहिलं 'चार्ज दिला'. तिने लिहिलं 'चार्ज मिळाला', आणि खाली पदासकट सही केली. मग तिने शेजारचं मागणीपत्रांचं पुस्तक ओढलं आणि एक कोरं पान भरायला घेतलं. वस्तू: घड्याळ. नग: एक. कोणास: माझं नाव. कारण या रकान्यात तिने लिहिलं, 'सेवा पूर्ण'.

"एक मिनिट," साहेब पुढे आले. "टेक्निकली यांची सेवा पूर्ण नाही झालेली. हे माझ्या सहीशिवाय—"

तिने 'साहित्य परत'चा नमुना उचलला आणि तळाच्या ठळक ओळीवर बोट ठेवून साहेबांपुढे धरला. "भांडारपालाखेरीज इतर कोणाचीही सही ग्राह्य धरली जाणार नाही, सर. कोणत्याही परिस्थितीत."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली, गेज घेतलं आणि गेजाच्या मागणीपत्रावर निमूटपणे सही करून निघून गेले. मुलीने थर्मास उघडला. चहा तिने घरून आणला होता.

मी घरी आलो तेव्हा ही दारातच उभी होती. मी घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने नाव वाचलं, नावावरून पदराने एकदा पुसलं आणि मग तारीख वाचून हसू लागली. हसता हसता डोळे पुसू लागली.

"अहो, सहा महिने पुढे आहे तुमचं घड्याळ."

"ऑर्डर आधी दिली होती."

"बरं झालं. म्हणजे या तारखेपर्यंत तुम्ही रजेवर. मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते?"

मग तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि माझ्याकडे खिळा मागितला. खिळ्यांचा डबा माझ्या ताब्यात असतो. मी सवयीने विचारलं, "मागणीपत्र?" तिने जे उत्तर दिलं ते कुठल्याही नमुन्यात बसणारं नव्हतं. मी पावती न घेता खिळा दिला.